शेवगा, आमचूर आणि उसाचा फड

२० डिसेंबर १९०६. होनोलुलूच्या धक्क्याला ‘डोरिक’ नावाची आगबोट लागली आणि तिच्यातून पंधरा फिलिपिनो माणसे खाली उतरली. हवाई बेटांवरच्या ऊसमळ्यांनी फिलिपिन्सहून मागवलेल्या मजुरांची ही पहिली तुकडी. अशा मजुरांना सकादा म्हणत. पुढची चाळीस वर्षे ही भरती चालू राहिली आणि लाखाहून जास्त माणसे ऊस लावायला, तोडायला, वाहायला समुद्र ओलांडून गेली. त्यांतली बरीचशी लुझोन बेटाच्या उत्तरेकडच्या इलोकोस भागातली. मळ्यावरच्या वस्तीत बिऱ्हाड मांडले, की ही माणसे परसात एका झाडाची फांदी रोवत. फांदी जगे, बघता बघता झाड होई, आणि त्याची कोवळी पाने मासळीच्या पातळ रश्श्यात पडली की जेवण घरचे होई. हवाईत कुणाच्या परसात हे झाड दिसले, की घर फिलिपिनो कुटुंबाचे असेल असा अंदाज आजही बांधतात.

ते झाड शेवग्याचे.

शेवग्याचे मूळ ठिकाण हिमालयाचा पायथा, वायव्य भारत. इलोकोसच्या माणसाला परमुलखात ज्या पानावाचून घास गोड लागेना, ते पान त्याच्या कितीतरी पिढ्या आधी आपल्या बाजूने निघून, समुद्रापार जाऊन त्याच्या गावचे झाले होते. मग त्याच्याबरोबर ते आणखी पुढे, पॅसिफिकच्या मध्यावर गेले. हे वाचले तेव्हापासून सातपुड्यातल्या एखाद्या घरामागचा शेवगा दिसला, की मी क्षणभर थांबतो. ज्याला आपण परसातला म्हणतो, त्याने केवढा प्रवास केला आहे!

ऊस तोडायला घर सोडून जाणे म्हणजे काय, हे नंदुरबार जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या बाजूची भिल्ल, पावरा, मावची, कोकणी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे दक्षिण गुजरातच्या वाटेला लागतात. सुरत, बारडोली, नवसारीच्या पट्ट्यातले सहकारी साखर कारखाने त्यांची वाट पाहत असतात. बारडोलीचा कारखाना १९५५ सालचा. मुकादम पावसाळ्यातच येऊन उचल देऊन गेलेला असतो, आणि ती फेडायची म्हणजे हंगामभर कोयता चालवायचा. कोयता हे नुसते हत्याराचे नाव नाही. तोडणारा नवरा आणि मोळी बांधणारी बायको मिळून एक कोयता धरला जातो. शेताच्या कडेला, कालव्याच्या काठाला प्लास्टिकचा कागद आणि काठ्या यांच्या झोपड्या पडतात. त्या मुक्कामाला पडाव म्हणतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातच्या या तोडणी मजुरांचा अनेक वर्षे अभ्यास केला, आणि खानदेशातून येणाऱ्या कोयत्यांचे जिणे जगापुढे मांडले.

या उसाला पाणी मिळते तापीचे. काकरापारचा बंधारा आणि १९७२ मध्ये पुरे झालेले उकाई धरण यांनी सुरतच्या काळ्या जमिनीत ऊस उभा केला. उकाईच्या फुगवट्याखाली आपल्या नंदुरबार-नवापूरकडची गावेही गेली. ज्या पाण्याने इकडची शेते बुडाली, त्याच पाण्यावर तिकडे वाढलेला ऊस तोडायला इकडचीच माणसे जातात. यावर नकाशा समोर ठेवून विचार केला तर मन फार अस्वस्थ होते.

नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. एकाच फलाटावर चालता चालता राज्य बदलते. पण चव तिथे बदलत नाही, ती मागेपुढे बदलते. फलाटावरच्या गर्दीत कुटुंबाबरोबर असलेली गाठोडी नीट बघावीत. अंथरूण-पांघरूण, दोन-चार भांडी, कोंबडी असली तर टोपलीखाली कोंबडी. आणि त्या सगळ्यात ज्वारी किंवा मक्याचे धान्य, लाल मिरची, थोडी डाळ, वाळलेला मोह, कैरीच्या वाळवलेल्या फोडी. गुजरातेत मिरची मिळत नाही का? मिळते. धान्य तर पडावावरही मिळते. मजुरीच्या हिशेबात दर पंधरवड्याला धान्य आणि थोडी रोकड देतात, तिला खावटी म्हणतात. तरी गाठोडे बांधले जाते. ते का, याचे उत्तर शोधत गेलो तेव्हा ते पार आईच्या पोटापर्यंत जाऊन पोचले.

अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोनेल नावाची एक संस्था आहे. तिथे फक्त चव आणि वास यांचेच संशोधन चालते. तिथल्या ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गर्भवतींना शेवटच्या तीन महिन्यांत गाजराचा रस प्यायला दिला, काहींना बाळंतपणानंतर अंगावर पाजताना दिला, काहींना मुळीच दिला नाही. बाळे वरचे खाऊ लागली तेव्हा त्यांना गाजराच्या रसात कालवलेली पेज भरवली आणि त्यांचे चेहरे टिपले. ज्यांनी गाजर आधी पोटात किंवा दुधातून अनुभवले होते, त्या बाळांनी तोंडे कमी वेडीवाकडी केली. त्यांना ती चव ओळखीची होती. जन्माच्या आधी! याच संशोधकांनी त्यापूर्वी लसणावर काम केले होते: आईने लसूण खाल्ला की गर्भजलाला आणि पुढे दुधालाही त्याचा वास येतो.

आता पडावावरची बाई डोळ्यांपुढे आणावी. ती पोटुशी असली तरी मोळी बांधते, ओली बाळंतीण असली तरी बांधते. तान्हे उसाच्या पाचटावर सावली करून निजवलेले असते. दुपारी ती लाल मिरची आणि लसणाच्या चटणीशी भाकर खाते. त्या चटणीतला लसूण काही तासांत तिच्या दुधात उतरतो. बारडोलीच्या शेतात, सातपुडा एकदाही न पाहिलेले ते बाळ सातपुड्याची चव घेत असते. मोठेपणी त्याला जर कुणी विचारले की तुझे गाव कोणते, तर जिभेच्या मते ते गाव त्याच्या आईच्या ताटात होते. म्हणून मला गाठोड्यातली ती मिरची, तो लसूण, ते धान्य हे केवळ पोटाचे साधन वाटत नाही. पुढच्या पिढीला गाव दाखवण्याची ती एकच वाट त्या आईच्या हातात असते.

चवीपेक्षा वास जास्त खोल जातो, हेही आता समजले आहे. घास चावताना त्याची वाफ घशाच्या मागून नाकात चढते, आणि ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग खरे तर तिथे घडतो. सर्दी झाली की आमटी पाणचट लागते ती याचमुळे. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) आहेत. या ग्राहकांचा माग रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांनी १९९१ मध्ये काढला आणि २००४ साली त्यांना नोबेल मिळाले. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले मेंदूत आधी एका वाटणीच्या ठिकाणी जाते आणि तिथून पुढे सरकते. वासाला तो थांबा लागत नाही. तो थेट भावना आणि आठवणी जिथे साठतात त्या भागांना जाऊन भिडतो. म्हणून परक्या गावात चुलीवर कुणी ओळखीचे धान्य भाजले, तर काय झाले हे कळण्याआधीच गळा दाटून येतो.

भाकरीचे शास्त्र त्याहून साधे आणि मला तितकेच थक्क करणारे. गव्हात चिकट प्रथिन असते, त्यामुळे पोळी ओढली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नाही, मक्यात नाही. म्हणून गरम पाणी. सत्तर अंशांच्या आसपास तापलेल्या पाण्यात पिठातले स्टार्च फुगते, चिकट होते आणि गव्हाच्या प्रथिनाचे काम निभावते. मग हातावर भाकर थापली तरी कडा फाटत नाहीत. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. ज्वारीच्या कोंबातल्या तेलाला हवा लागून ते खवटते, पीठ कडवट होते, भाकर तव्यावर टाकताना मोडते. शिळ्या पिठाची भाकर आणि ताज्या पिठाची भाकर यांतला फरक परदेशी गेलेल्या मराठी घरांना चांगला ठाऊक आहे. दुकानात मिळणारे महिन्यांपूर्वीचे पीठ आणून, पुन्हा पुन्हा उकड काढून, शेवटी थापायचा नाद सोडून दिलेली कितीतरी घरे आहेत. पहाडातली बाई पीठ न नेता धान्य नेते आणि लागेल तसे दळून आणते, त्यामागे हेच ज्ञान आहे.

आणि हे धान्य तरी कुठले? ज्वारी ही आफ्रिकेची. पूर्व सुदानच्या गवताळ भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी माणसाने ती लागवडीखाली आणली, आणि तिथून समुद्राच्या वाटेने ती भारतात उतरली. मका मेक्सिकोचा, बाल्सास नदीच्या खोऱ्यात नऊ हजार वर्षांपूर्वी एका रानगवतापासून तो घडवला गेला. मिरचीही तिकडचीच; पोर्तुगीज जहाजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्याला लागली. आज नंदुरबारचा मिरची बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत गणला जातो. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मैलभर मिरची वाळत असते, जमीन दिसत नाही, आणि वाऱ्याची दिशा बदलली की वाटसरूला ठसका लागतो. तिखट ही खरे तर चव नव्हेच. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ मध्ये दाखवले की मिरचीतले कॅप्सेसिन नसांवरच्या ज्या ग्राहकाला जाऊन चिकटते, तो उष्णता ओळखण्यासाठी असतो. जिभेला भाजल्याचा निरोप जातो, प्रत्यक्षात काहीच भाजलेले नसते. या शोधासाठी त्यांना २०२१ साली नोबेलमध्ये वाटा मिळाला. मेक्सिकोच्या एका झुडपाने आपल्या बियांच्या राखणीसाठी केलेली ही फसवणूक सातपुड्यातल्या माणसाला घरची आठवण म्हणून हवी असते.

म्हणजे गावच्या चवीतले निम्मे जिन्नस कधीतरी परगावाहून आलेले. मला यात उणेपणा दिसत नाही. उलट, परकी वस्तू आपली व्हायला किती पिढ्या लागतात आणि एकदा झाली की ती किती पक्की आपली होते, याचा हा पुरावा आहे.

पण काही चवी गाठोड्यात बांधता येत नाहीत. आणि नंदुरबार जिल्ह्यात घर सोडणे हंगामापुरतेच नाही.

नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारी महाराष्ट्रातली ३३ गावे सगळी या जिल्ह्यातली, अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतली. मणिबेली त्यांतले पहिले. कुणी गुजरातेत वडोदरा जिल्ह्यातल्या परवेटासारख्या वसाहतींत गेले, कुणी तळोद्याच्या सपाटीवर, जंगलाची जमीन मोकळी करून वसवलेल्या सोमावल, नर्मदानगर अशा वसाहतींत. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत गेली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ते प्रथमच पूर्ण भरले. नव्या जागी जमीन मिळाली, घर मिळाले, जवळ रस्ता आला. नदी मिळाली नाही.

नदीच्या पलीकडच्या काठावरच्या, मध्य प्रदेशातल्या जलसिंधीचे बावा महालिया यांनी १९९४ साली आपल्या राज्याच्या मुख्यमंत्र्यांना एक पत्र लिहवून घेतले होते. विस्थापनावर खूप लिहिले गेले आहे, पण त्या पत्रात जितके अन्न आहे तितके कुठल्याच अहवालात मला भेटले नाही. जंगल आम्हाला उपासात काय देते, नदीतला मासा अवचित आलेल्या पाहुण्यापुढे कसा ठेवता येतो, पुरानंतर काठावरच्या गाळात काय पिकते, हे सगळे त्यांनी एकेक करून मांडले. नर्मदेच्या दोन्ही काठांवरची घरे याच ताटात जेवत होती. पहिल्या पावसानंतर उगवणारा तरोटा, बांबूचे कोवळे कोंब, रानातले कंद, मोहाची फुले, मोहाच्या बियांचे तेल, भादी-बट्टीसारखी बारीक धान्ये, आणि रोजच्या रोज ताजा मासा. यांतले काहीच विकत घ्यायचे नव्हते, म्हणून पंचनाम्यात त्यांची किंमत लावायला रकानाच नव्हता. घराच्या वाशांची नोंद झाली, झाडांची झाली. तरोट्याच्या भाजीची कोण नोंद करणार?

मोहाचे झाड नव्या वसाहतीत लावता येते, पण ते भरभरून फुलायला लागेपर्यंत लावणाऱ्याची कितीतरी वर्षे सरतात. शेवग्याची फांदी रोवली की जगते, तशी मोहाची फांदी जगत नाही. कुठली चव प्रवास करू शकते आणि कुठली करू शकत नाही, याचे उत्तर असे थेट झाडाच्या स्वभावात असते. जे वाळते, जे फांदीवर लागते, जे बीजात मावते, ते माणसाबरोबर जाते. ताजा मासा, पावसाळी रानभाजी, पहाटे झाडाखाली पडलेला ओला मोह मागे राहतो. तळोद्याच्या वसाहतीतली म्हातारी माणसे पहिल्या पावसात पहाडाकडे बघतात ती नुसत्या डोंगरासाठी बघत असतील असे मला वाटत नाही.

फिलिपिनो लोकांनी वाळवून, खारवून, आंबवून जपलेल्या गोष्टी या नियमाला किती चपखल बसतात! आज वीस लाखांहून जास्त फिलिपिनो माणसे परदेशांत कामाला आहेत: आखातातल्या घरांत, जहाजांवर, इस्पितळांत. त्यांच्या सामानात बागोओंग हमखास असते. मीठ घालून आंबवलेल्या कोळंबीचे किंवा मासळीचे ते खारट तोंडी लावणे. आणि परक्या शहरात पहिला पगार हातात आला की ती जे शोधतात त्यांत आंबट फार वर असते. सिनिगांग हा त्यांचा आंबट रस्सा. चिंच, पेरू, बिलिंबी किंवा कच्ची कैरी घालून केलेला. जिथे हे काहीच मिळत नाही तिथे चिंचेच्या भुकटीची पाकिटे चालतात. आईच्या हातचा तो नव्हे, पण तोंडाला पाणी सुटते.

आंबटाला तोंडाला पाणी का सुटते, तेही अलीकडेच नीट उलगडले. आंबट पदार्थ लाळेत हायड्रोजनचे धन कण सोडतो. जिभेवरच्या काही पेशींच्या भिंतीत फक्त त्याच कणांना आत सोडणारी एक अरुंद वाट असते. ती घडवणारे प्रथिन एमिली लायमन यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये शोधले. कण आत शिरले की पेशी जागी होते आणि दातांना आम्लापासून वाचवण्यासाठी लाळेचा पाझर सुटतो. आंबट नुसते आठवले तरी तो सुटतो. ज्याचे गाव दूर आहे त्याच्या जिभेला हे सर्वांत आधी कळते.

सातपुड्याचे आंबट म्हणजे आमचूर. धडगावच्या पहाडात घराघराला गावठी आंबे आहेत. मोठे, उंच, शेकडो कैऱ्यांनी लगडणारे. होळीला पडावावरची माणसे काहीही करून गावी येतात. आठवडाभर आधी भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल लागतात, डाळ्या-गुळाची, साखरेच्या हारकंकणांची खरेदी होते, आणि काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते. काठीची ही परंपरा १२४६ सालापासूनची सांगतात. त्यानंतर पुन्हा फडावर जावे लागते. एप्रिल-मे मध्ये ऊस संपतो, कोयते परततात, तोवर कैरी वाळवण्याजोगी झालेली असते. कोय धरण्याआधी ती उतरवायची. साल काढायची, फोडी करायच्या, आणि तापलेल्या कातळावर, अंगणात, छपरावर पसरायच्या. कच्च्या कैरीत सायट्रिक आणि मॅलिक आम्ले भरपूर असतात, पिकताना ती उतरत जातात. म्हणून दिवस चुकवून चालत नाही. पाऊस पडण्याआधी फोडी खडखडीत वाळल्या, पांढऱ्या राहिल्या, तर भाव चांगला. ओल लागून काळ्या पडल्या तर व्यापारी हात लावत नाही. या दोन महिन्यांत म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांच्या हाताला कैरीच्या चिकाचा वास असतो.

धडगाव, मोलगीच्या बाजारातून हे आमचूर नंदुरबारला येते आणि तिथून देशभरच्या मसाल्यांत मिसळते. दिल्लीच्या चाटमध्ये, इंदूरच्या नमकीनमध्ये ते पडते तेव्हा खाणाऱ्याला अक्राणी तालुका कुठे आहे याची कल्पनाही नसते. आलेल्या पैशातून पावसाळ्याचे बियाणे येते, मीठमिरची येते, जुने देणे थोडे फिटते. सगळे मात्र विकत नाहीत. एक वाटा वेगळा काढून, मिठात घोळवून, मडक्यात किंवा पत्र्याच्या डब्यात ओल लागणार नाही असा झाकून ठेवतात. पावसाळाभर तो डाळीत पडतो. उरतो तो दिवाळीपर्यंत पुरवायचा, कारण मुकादम श्रावण-भादव्यात उचल देऊन गेलेला असतो आणि बारडोलीला कैरीची झाडे फडाच्या आसपास असली तरी ती शेतमालकाची असतात.